सहा वेळा वापरला, खरं पॅलेडियम गेलं कुठं?

सपोर्टेड कॅटॅलिस्टचा, म्हणजे घन पावडरीवर बसवलेल्या उत्प्रेरकाचा, कुठलाही पेपर उघडा, शेवटी एक बार ग्राफ असतोच असतो. पहिल्या रनला ९६ टक्के माल तयार, मग ९५, ९५, ९४ असं करत सहाव्याला ९१, आणि खाली एक ओळ की कॅटॅलिस्ट सहज रिसायकल होतो. मला हल्ली तो ग्राफ दिसला की पहिला प्रश्न पडतो, रिॲक्शन तापवली किती तास? कारण ती तासाभरात संपत असेल आणि तुम्ही रात्रभर ठेवली असेल तर निम्मा कॅटॅलिस्ट मेला तरी बार तेवढाच उंच दिसणार की. ३०-४० टक्के झाल्यावर थांबवून मोजा, मग कळतंय किती दम शिल्लक आहे ते.

जरा मागनं सांगतो, हे घरचे पण वाचतात. आमची रिॲक्शन म्हणजे सुझुकी कपलिंग, कार्बनच्या दोन रिंगा एकमेकीला जोडायच्या, आणि जोडणारा पॅलेडियम. याच कामाबद्दल सुझुकी, हेक आणि नेगिशी यांना २०१० चं नोबेल मिळालं. बीपीची लोसार्टन गोळी घ्या, निपाणीत आमच्या गल्लीत घराघरात कोण ना कोण खातंयच, तिच्यातल्या दोन रिंगा अशाच जोडता येतात. खरं विरघळणारं पॅलेडियम वापरलं की ते काम संपवून मालातच मिसळून बसतं, ग्रॅमला हजारो रुपयांचा धातू वाया जातो तो जातोच, वर तो काढायचं लचांड. तोंडानं घ्यायच्या औषधातनं दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर पॅलेडियम पोटात जायला नको असा नियम आहे, मग माल शुद्ध करायला भरा कॉलम, ओता सॉल्व्हंट. रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञानं १९९२ सालीच हिशोब मांडला होता, औषधाच्या धंद्यात किलोभर मालामागं २५ ते १०० किलो कचरा, कधी त्याच्याही वर.

म्हणून धातूला दावणीला बांधायचं. सिलिकाच्या, म्हणजे वाळूत असतो त्याच पदार्थाच्या, कणावर आधी एक अमाईनची साखळी चिकटवायची, तिच्या टोकाला पॅलेडियम धरून ठेवणारा लायगंड, आणि त्यावर पॅलेडियम ॲसिटेट. पांढरी पावडर बघता बघता पिवळी होते, पहिल्या रननंतर काळपट. काम झालं की गाळली, धुतली, वाळवली, परत वापरली. आत लोखंडाच्या ऑक्साईडचा कण असेल तर गाळायची पण गरज नाही, फ्लास्कच्या बाहेरनं चुंबक लावला की सगळी पावडर एका बाजूला जाऊन चिकटते आणि द्रावण नितळ, हे बघायला अजून पण मजा येते.

मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "सिलिका कशाला विकत आणतोस रे, कारखान्याच्या बॉयलरची राख न्हे की ट्रॉली भरून." बरोबर आहे त्यांचं. संकेश्वर, चिकोडी, निपाणी सगळा उसाचा पट्टा, आणि बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, राखेत सिलिका भरपूर. कॉस्टिक सोड्यात उकळायची, गाळायची, ॲसिड घालायचं, जेल तयार. ॲल्युमिना पाहिजे तर बेळगावात यमनापूरला इंडाल, म्हणजे आत्ताची हिंडाल्को, तो पण सपोर्ट म्हणून चालतो. खरं राख फुकटची म्हणून टायटलला ग्रीन लिहायचं आणि आत बघावं तर साखळी चिकटवायला चोवीस तास टोल्युईन या सॉल्व्हंटमध्ये रिफ्लक्स, म्हणजे उकळत ठेवून वाफ गार करून परत फ्लास्कात पाडायची, हे मला काय पटत नाही. आणि तो रिफ्लक्स चालतोय कशावर, तर कंडेन्सरला लावलेल्या नळावर, पाणी सगळं सिंकमधनं गटारीत. उन्हाळ्यात आमच्याकडं घागरी भरून ठेवायची वेळ येते ओ. आम्ही आता बादलीत छोटा पंप टाकून तेच पाणी फिरवतो, पेपरात मात्र हे कोण लिहीत नाही.

मूळ प्रश्न तसाच राहिला, दावं तुटलंय का नाही. यासाठी हॉट फिल्ट्रेशन. रिॲक्शन निम्म्यावर आली की फ्लास्क गरम असतानाच पावडर गाळून काढायची, आणि खाली आलेलं नुसतं द्रावण तापवत ठेवायचं. टीएलसी प्लेटवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या डागांत दाखवणाऱ्या पट्टीवर, यूव्ही दिव्याखाली सुरुवातीच्या ब्रोमाईडचा, म्हणजे जोडायच्या कच्च्या मालाचा, डाग फिका होत चालला तर समजायचं, पॅलेडियम सुटून द्रावणात आलंय आणि काम तेच करतंय. गरम असतानाच का, तर थंड झालं की सुटलेलं पॅलेडियम परत सपोर्टवर जाऊन बसतं. सावकाश गार करून गाळलं की सगळं छान, काहीच सुटलं नाही असा रिपोर्ट, आणि तो खोटा पण नाही म्हणता येत. त्यात परत डाग फिका न होणं म्हणजे पण पुरावा नव्हे, सुटलेला धातू गाळताना मरू शकतो, म्हणून आयसीपीवर, म्हणजे धातूचा अंश मोजणाऱ्या यंत्रावर, द्रावणातलं पॅलेडियम मोजायलाच लागतं.

आयसीपी आमच्याकडं नाही, सॅम्पल बाहेर पाठवायला लागतात आणि प्रत्येकाचे पैसे. गाईड म्हणतात शेवटच्या रनचं एकच पाठव. मला प्रत्येक रनचं पाहिजे, पहिल्याचं तर नक्कीच, कारण नीट न बांधलेलं पॅलेडियम पहिल्याच धुण्यात निघून जातं आणि सहाव्या रनला द्रावण आपोआप स्वच्छ दिसतं. भांडण अजून चालू आहे.