घरची बालवाडी, आठवडे ७ ते ११ : पॉलिश पेपरचा ग आणि नाकातला वाटाणा

मागची नोंद सहाव्या आठवड्याची होती. मधे कंपनीत देखभालीची कामं निघाली आणि वही नुसती उशाशी पडून राहिली, म्हणून पाच आठवडे एकदम लिहितोय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मुलगी पावणेचार वर्षांची, घरात सगळे ठकू म्हणतात. मी नाशिकच्या सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये. पहिली पाळी असली की साडेतीनला घरी, मग साडेचार ते साडेपाच आमचा तास. सकाळी ती बालवाडीत जाते, तिथे काय शिकवतात त्यात मी नाक खुपसत नाही.

वहीत रकाने तेच दोन. एकात ठकू एका गोष्टीत किती मिनिटं रमली, दुसऱ्यात मी मधे किती वेळा तोंड घातलं. 'असं नाही, असं', 'अगं सांडेल', 'शाब्बास', सगळं धरून. शाब्बास धरायचं की नाही यावर बायकोशी वाद झाला. पण शाब्बास म्हटलं की पोरगी हातातलं थांबवून माझ्याकडे बघते आणि पुन्हा काही त्यात शिरत नाही, म्हणून धरलं. सहाव्या आठवड्यात माझा आकडा तासाला चौदा होता.

वाटाण्याचं आधी सांगून टाकतो. राजमा, काबुली चणे आणि पांढरे वाटाणे एकत्र करून इडलीपात्राच्या खळग्यांत निवडायचे, हा खेळ आमच्याकडे दोन आठवडे जोरात चालला होता. त्या दिवशी गॅसवर दूध होतं, मी उठलो, परत आलो तर ठकू एकदम शहाण्यासारखी बसलेली. तिथेच ओळखायला हवं होतं. "बाबा, एक घरात गेला," म्हणाली. घर म्हणजे उजवी नाकपुडी. वाटाणा ओल लागली की फुगतो, हे उसळ करणाऱ्या घरात वेगळं सांगायला नको. त्यामुळे चिमटा-बिमटा न करता थेट डॉक्टरांकडे नेलं. दोन मिनिटांत निघाला. घरी आल्यावर आईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. कडधान्य सध्या बंद. पुन्हा काढू तेव्हा मी तिथून हलणार नाही, दूध गेलं उतू तरी चालेल.

मग निवडायला काय? मोजे, कांदे-बटाटे, आणि चमच्यांचा खण. चमच्यांनी मला चकवलं. मी मनात लहान-मोठे असे दोन ढीग धरले होते. ठकूने भलतेच दोन केले. मोठा डाव आणि चहाचा चमचा एकाच ढिगात. जीभ चावून गप्प बसलो (त्या दिवशीचा आकडा तीन, तोवरचा सर्वांत कमी). शेवटी तिनेच सांगितलं: "हे टोचतात, हे नाही टोचत." एका ढिगात नावं घातलेले, दुसऱ्यात बिननावाचे. आईच्या लग्नातल्या भांड्यांवर नावं घातलेली आहेत, इतकी झिजलीत की मला वाचताही येत नाहीत. ती अंगठ्याने चाचपून वेगळी करत होती.

त्यावरून खरखरीत अक्षरं करायचं डोक्यात आलं. रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरीबाईंनी पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या पद्धतीतली ही जुनी गोष्ट. अक्षर खरखरीत कागदाचं कापून गुळगुळीत पाटीवर चिकटवायचं, मुलाने पहिल्या दोन बोटांनी गिरवायचं, गिरवताना त्याचा आवाज काढायचा. आधी आवाज, मग बोट, पेन्सिल पुष्कळ नंतर. विकतचा संच घेतला नाही. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला आणि तिथेच चुकलो: ८० नंबरचा घेतला. तो लोखंडावरचा गंज काढायला बरा. दोनदा गिरवल्यावर ठकू बोट फुंकायला लागली. मग २२० आणला, तो ठीक आहे. खरखर कळते पण झोंबत नाही. उलट्या बाजूने अक्षर उलटं काढून कापायचं, हे पहिला ग वाया गेल्यावर समजलं. पाट्या म्हणून लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे वापरले, घरात शंभर तरी पडलेत.

क्रम अ-आ-इ नाही घेतला. आपल्याकडे पूर्वीपासून ग म भ न घेतात तो घेतला. उगाच नाही म्हणत 'गमभन'. चारही अक्षरांना उजवीकडे उभा काना, चारही वळणं जवळजवळची, बोटाला एक आलं की दुसरं अर्धं आलेलं असतं. अ च्या वेटोळ्यातून सुरुवात करायला लावणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला आधी विहिरीत टाकणं.

भानगड शिरोरेघेची. ठकू आधी वरची रेघ ओढते, मग खाली अक्षर. आजी म्हणाली, "अगं, रेघ शेवटी द्यायची." उत्तर आलं, "आजी, आधी दोरी बांधतात, मग कपडे वाळत घालतात ना?" आजीकडे याला उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. तूर्त दोरी आधी. शाळेत सांगतील तेव्हा बदलेल.

ग ची टोपली: गाजर, गूळ, गोटी (टपोरी, वाटाण्यानंतर मापं बघूनच घेतो). आठ दिवस ती वस्तूंची नावं नुसती पाठ म्हणत होती, मला वाटलं डोक्यात काही जात नाहीये. दहाव्या आठवड्यात स्कूटरवर पुढे उभी असताना मधेच ओरडली, "बाबा, बाग मध्ये पण ग आहे! मागे बसलाय!" गाडी बाजूला घेतली. अशा वेळी आकड्याचं भान राहत नाही, तीन वेळा शाब्बास म्हणालो आणि घरी येऊन इमानदारीत तीन रेघा मारल्या.

च ची टोपली मात्र फसली, आणि चूक माझी. चमचा, खेळण्यातलं चाक, चिमटा, चहाची पुडी असं एकत्र ठेवलं. ठकूने चिमटा आणि चहा बाहेर काढले. "हे वेगळे." मी म्हटलं नाही गं, सगळे च. तिने पुन्हा काढले. मग स्वतः मोठ्याने म्हणून बघितलं: चमचा, चाक... चिमटा, चहा. बरोबरच आहे की! आपल्या मराठीत च चे उच्चार दोन, अक्षर एक. मला चाळीस वर्षांत कधी कानाला जाणवलं नव्हतं. ज आणि झ चं तेच होणार. सध्या च ची पाटी कपाटावर. दोन टोपल्या नि एकच पाटी असं करून बघावं का? कोणी केलं असेल तर सांगा.

गिरवायला परातीत रवा घेतला होता, तो प्रकार दोन दिवसांत संपला. मुंग्या आल्या, आणि "अन्नाशी खेळायचं नसतं" हा वटहुकूम निघाला. आता ताटात काळा कागद आणि वर रांगोळी. धूळपाटीच ती, पूर्वीच्या पोरांनी यावरच धुळाक्षरं गिरवली. चिमटीतून रांगोळी सोडताना बोटांना जो व्यायाम होतो तो फुकटात.

उतरंडीबद्दल थोडक्यात. माँटेसरीचा गुलाबी मनोरा म्हणजे दहा ठोकळे, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. किंमत बघितली आणि स्टीलच्या एकात एक बसणाऱ्या सात डब्यांवर भागवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा शंख, शिंपले, बिया, पानं, खडे असल्या आसपासच्या वस्तूंतूनच साधनं केली होती. त्यामानाने सात डबे म्हणजे श्रीमंतीच. फक्त दुपारी दोन ते चार उतरंड रचायची नाही. खालच्या काकू झोपतात आणि सातवा डबा पडला की पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू जातो.

शेवटी पाणी. तांब्यातून फुलपात्रात ओतणं आता न सांडता जमतं. फुलपात्राला आतून तेलखडूची रेघ मारली, रेघ आली की थांबायचं. परवा जरा पुढचं करून बघितलं. दोन सारख्या फुलपात्रांत सारखं पाणी. दोन्हीकडे सारखं ना? हो. मग एकातलं उंच पेल्यात ओतलं, दुसरं पसरट वाडग्यात. आता जास्त कशात? "पेल्यात." का गं? "पेल्यातलं पाणी उभं राहिलंय, वाडग्यातलं झोपलंय."

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेने मुलांना हेच विचारून ठेवलंय, आणि या वयाची मुलं हेच उत्तर देतात. साधारण सहा-सात वर्षांची झाली की पाणी तेवढंच आहे हे आपोआप कळतं. मला हे ठाऊक होतं, तरी समजावायला तोंड उघडलंच होतं. मिटलं. ती पाणी पेल्यातून वाडग्यात, वाडग्यातून पेल्यात करत बसली. मधे आजी येऊन उभी राहिली.

त्या दिवशीची नोंद: ठकू २६ मिनिटं, मी ०, आजी ५. आजीसाठी तिसरा रकाना आखलाय.