पद्मिनी अपडेट: पुढचं चाक घासत होतं, दुखणं मागे होतं

मंडळी, माझ्या जुन्या पद्मिनीचं, म्हणजे फियाटचं, डावं पुढचं चाक मडगार्डला घासायचं थांबलं! म्हणजे नव्वद टक्के थांबलं. उरलेल्या दहाचं खाली सांगतो.

गाडी कुठवर आली होती ते आठवत असेलच: 165/80 R14 मापाचे टायर (रुंदी 165 मिमी, जाडी तिच्या 80 टक्के, रिम 14 इंची), मूळ स्टीलच्या रिम, आणि उजवीकडे वळताना स्पीडब्रेकर आला की डावीकडून खर्रर. मागच्या वेळी तुम्हा सगळ्यांचं निदान एकच, टायर मोठा. मोठा आहेच. मूळ 5.20-14 चा व्यास साधारण 605 मिमी, हा 620 च्या घरात. म्हणजे त्रिज्येत सात-आठ मिमी जास्त. पण मग उजवं चाक का गप्प? टायर तर तिकडेही तोच.

मडगार्डच्या आतून सगळीकडे ओला खडू फासला, मेव्हण्याला पुढे डावीकडे बसवलं आणि सोसायटीच्या गेटवरच्या उंचवट्यावरून फिरवून आणली. मडगार्डच्या मागच्या टोकाला, मडफ्लॅपच्या पट्टीच्या जरा वर, बोटभर लांबीचा खडू साफ पुसलेला. बाकी सगळा जागच्या जागी. मग हबच्या, म्हणजे चाकाच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली. डावी बाजू 14 मिमी खाली.

स्प्रिंग बसली, दुसरं काय! नवी जोडी मागवली. खोक्यातून काढून शेजारी शेजारी उभ्या केल्या तर दोघींच्या उंचीत सहा मिमीचा फरक. दुकानदार म्हणतो, 'साहेब, गाडीत बसल्यावर सेट होतात.' परत केल्या. फियाटच्या स्प्रिंगा घ्यायच्या तर काउंटरवरच पट्टी लावा, कुणाच्या शब्दावर जाऊ नका. आणि स्प्रिंग दाबून धरायचे ते दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर मिळतात ना, त्यांच्यासमोर उभं राहायची माझी छाती नाही. चांगला मागून आणला.

नव्या नाहीत तर नाहीत, जुन्याच डाव्या-उजव्या अदलाबदल करून पाहिल्या. स्प्रिंग दोषी असेल तर आता उजवी बाजू खाली यायला हवी. मोजलं. डावीच खाली, 13 मिमी.

इथे माझं डोकं फिरलं. विशबोन (चाक धरणारा दांडा) वाकलाय का, क्रॉस मेंबर (पुढची आडवी तुळई) बसलाय का, की कधीतरी ठोकलेली गाडी गळ्यात पडलीय? डेंटरकडे चॅसी मोजायला न्यायचं जवळपास ठरलं होतं. त्याआधी एक फुकटातली चाचणी केली, ती सगळ्यांनी करून पाहावी अशी आहे. पुढच्या चाकांना ठोकळे लावले आणि मागचा अॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याखाली एकाच ट्रॉली जॅकवर उचलला, चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील इतका. दोन्ही बाजूंना स्टँड लावायलाच हवेत, पण अॅक्सलपासून थोडे खाली. आता अॅक्सल जॅकवर तराजूच्या दांडीसारखा मोकळा झाला. मागून बॉडीला कुठल्याच बाजूला ढकलणारं काही उरलं नाही, त्यामुळे पुढचा भाग फक्त पुढच्या स्प्रिंगांवर बसतो. पुढून गाडी दोन-तीनदा दाबून सोडली आणि परत मोजलं.

फरक 3 मिमी!

म्हणजे दोष पुढे नव्हताच. मागे स्प्रिंगच्या जागी पोलादी पाट्यांचे थर असतात; त्यातला उजवीकडचा सेट कुणीतरी कमान भरून (पुन्हा वाक देऊन) घेतलेला, डावीकडचा मूळचा, थकलेला. मागचा उजवा कोपरा वर उचलला की तिरकं वजन पुढच्या डाव्या चाकावर येतं. आधीच्या मालकाच्या काळात एक बाजू बसली असणार आणि तेवढीच करून घेतली असणार. पाटे नेहमी जोडीनेच करावेत, हे मेस्त्री लोकांना माहीत असतं, पण गिऱ्हाईक एकाच बाजूचे पैसे देतं.

दोन्ही सेट काढले आणि पाटेवाल्याकडून एका मापात कमान करून घेतली. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या कडीचे) रबर बुश नवे टाकले. शॅकलचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लटकत्या गाडीत आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. आता पुढचा फरक 4 मिमी. गेटवरून मेव्हण्यासकट गेलो, आवाज नाही. स्टिअरिंगही सरळ रस्त्यावर हलकं वाटतंय, पण तो कदाचित आनंदाचा परिणाम असेल.

उरलेलं दहा टक्के: मागे चार माणसांचं सामान, स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलेलं आणि खड्डा असं सगळं जुळून आलं तर अजून हलकासा स्पर्श होतो. मडगार्डच्या कडा आत ठोकून घ्या असं दोघांनी सुचवलंय. नाही. मूळ पत्रा आहे, रंग तडकला की गंज तिथूनच धरतो. 175/70 R14 चा व्यास 601 म्हणजे मूळच्या जवळ, पण टायर रुंद आणि आपली रिम अरुंद. 155/80 बसतो 604 वर. रुंदीही कमी, म्हणून तोच घ्यायचा असं ठरवलं होतं.

पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी चारही चाकांचं वजन करून पाहावं. ओळखीच्या भंगारवाल्याकडे बसका वजनकाटा आहे. बाकीच्या तीन चाकांखाली त्याच उंचीच्या फळ्या टाकल्या की एकेक कोपरा मोजता येईल. तिरक्या जोड्यांची (पुढचं डावं-मागचं उजवं आणि उलट) बेरीज अजून फार वेगळी आली आणि पुढच्या डाव्या चाकाची जोडी हलकी निघाली, तर पुढच्या डाव्या स्प्रिंगखाली पातळ पॅकिंग टाकीन आणि टायर तसेच राहतील. टो-इन, म्हणजे पुढची चाकं किती आत वळलेली ठेवायची ते माप, त्यानंतरच.

तरीही कुणाकडे 155/80 R14 ची ताजी जोडी असेल तर टायरवर छापलेले तारखेचे चार आकडे बघून कळवा. जुना साठा नको.