कार्ने असादा फ्राइज, सातवा घाणा: तळाचे काप अखेर कुरकुरीत

जमलं! तळलेल्या बटाट्याच्या कापांवर वितळलेलं चीज, भाजलेलं गोमांस, ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी) आणि सावर क्रीम, असा हा पदार्थ. सगळं रचून १५ मिनिटं झाल्यावर अगदी तळातला काप उचलला, तर तो लोंबला नाही, कट्कन मोडला. सहा घाणे इथंच घोडं पेंड खात होतं: वरचे काप झकास, खाली लगदा.

संशय बटाट्यावर होता, दोष निघाला मांसाचा. स्कर्ट स्टेक (गोमांसाचा पातळ, लांबट तुकडा) चिरताना सुटणारा रस थेट तळाशी जात होता. आता स्टेक भाजून ५ मिनिटं ठेवायचा, १ सेंमीचे तुकडे करायचे आणि ते कडकडीत बिडाच्या तव्यावर पुन्हा ४० सेकंद परतायचे. तव्यावरचा चुर्र आवाज बदलून कोरडा तडतडाट सुरू झाला की रस आटला समजा. तो तुकड्यांनाच चिकटतो, चव दुप्पट होते. लिंबाच्या रसात मुरवणं २ तासच. फार वेळ ठेवलं की आंबटपणानं मांसाचा वरचा थर पिठूळ होतो.

काप पहिल्यासारखेच: रसेट (जास्त स्टार्चचा) बटाटा, १ सेंमी जाडी, २ लिटर पाण्यात २ टेबलस्पून व्हिनेगर घालून १० मिनिटं उकळणं. आम्लामुळे बटाट्याच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन टिकतं, काप फुटत नाहीत. मग पूर्ण कोरडे करून १६० अंशांवर ५ मिनिटं, गार करून १९० वर ३ मिनिटं. दीड लिटर तेलात एका वेळी २५० ग्रॅमच, नाहीतर तापमान कोसळतं. थर्मामीटर हवाच. एअर फ्रायरच्या कापांना या ओझ्याखाली तग धरता येत नाही.

मांसाच्या आधी चीज, हेही महत्त्वाचं. माँटेरे जॅक आणि चेडर निम्मं-निम्मं, घरीच किसलेलं; पाकिटातल्या किसाला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, तो एकजीव वितळत नाही. ब्रॉयलरखाली (ओव्हनच्या वरच्या आचेखाली) मिनिटभर ठेवलं की कापांवर स्निग्ध थर बसतो आणि ओल अडते.

आठव्या घाण्यात कोतिहा हे भुरभुरीत मेक्सिकन चीज वापरून बघायचं ठरलं होतं. पण कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या टाको शॉपमधून हा पदार्थ सर्रास झाकणाच्या डब्यात घरी जातो. तिथं वाफ झाकणाला लागून पाणी होऊन खाली टपकते. तेव्हा आधी झाकणाला चार भोकं पाडून चाचणी. ग्वाकामोले आणि सावर क्रीम वेगळ्या वाटीत? नको, वर ढीग हवाच. दोन्ही एकाच कोपऱ्यात घालून पाहू, फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून. थंडगार घातलं की चीज लगेच आवळतं.