खापर स्ट्रिपच्या डोक्यावर

माझं काम मुद्रितशोधनाचं. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या वेलांट्या तपासण्यात अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे औषधाच्या स्ट्रिपमागची मुंगीएवढी अक्षरंही माझ्याकडून वाचली जातातच. वजन उतरवण्यासाठी केलेली जठराची बायपास होऊन चौथा महिना चालू होता. थायरॉइडच्या गोळ्यांची नवी स्ट्रिप हातात आली आणि लगेच लक्षात आलं, कंपनी वेगळी आहे. लेव्होथायरॉक्सिन सोडियम, १५० मायक्रोग्रॅम, एवढं जुळत होतं. पण चौदा वर्षं जे ठसठशीत नाव बघत आले त्याच्या जागी नुसतं रसायनाचं नाव. जेनेरिक.

दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, आत तेच आहे. तुमची कंपनी सध्या येत नाहीये."

आत तेच आहे, हे वाक्य मला आवडत नाही. 'शिर' आणि 'शीर' यांतही अक्षरं तीच असतात.

पाचव्या दिवशी मी दुपारी टेबलावर डोकं टेकून झोपले. सातव्या दिवशी पाय गार पडायला लागले. विंचरताना केसांचा पुंजका हातात येऊ लागला, पोट साफ होईना. मी घरभर सांगत सुटले की या गोळ्यांत काही दम नाही. नवरा म्हणाला, "मग जुनी शोध ना." पण मला पुरावा हवा होता. दोन महिन्यांनी रक्त तपासलं, टीएसएच ११.८. थायरॉइडचं औषध कमी पडलं की हा आकडा चढतो, जास्त झालं की उतरतो. ऑपरेशनआधी तो २.३ होता. आकडा बघून काळजी वाटायला हवी होती. मला झाला तो आनंद, बघा मी म्हणत नव्हते का, असा.

हार्मोनच्या डॉक्टरांसमोर मी दोन्ही स्ट्रिपा ठेवल्या, जुनी आणि नवी. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"थकवा कधी सुरू झाला?"

"नवीन गोळी सुरू केल्यावर पाचव्या दिवशी."

"हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. नवी गोळी अगदी खडूची असती, तरी पाचव्या दिवशी तुम्ही मुख्यतः जुन्या साठ्यावरच चालत होतात. वही ठेवता का?"

वही मी ठेवते. ऑपरेशननंतर वजन, पाणी, प्रथिनं, औषधं असं सगळं लिहायला सांगतात आणि मला लिहायची खोड आहेच. डॉक्टरांनी पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वही माझ्याकडे वळवली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'रात्री विसरतेय म्हणून लोह आणि मल्टिव्हिटॅमिन आजपासून सकाळी थायरॉइडबरोबर. कॅल्शियम साडेआठला.' तारीख नव्या स्ट्रिपच्या दोन दिवस आधीची.

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. लोह आणि कॅल्शियम पोटात लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि ते शोषलं जात नाही. मध्ये चार तासांचं अंतर हवं, हे घरी जाताना दिलेल्या कागदावरही होतं. पण बायपासनंतर दिवसाचं वेळापत्रक हे एक कोडंच असतं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नंतर अर्धा ते एक तास काही नाही, कॉफीही नाही. कॅल्शियम सायट्रेट एकदम घेऊन उपयोग नाही, पाचशे-सहाशे मिलिग्रॅमचे दोन-तीन भाग पाडायचे. लोह आणि कॅल्शियम एकमेकांचे वैरी, म्हणून त्यांच्यातही दोन तास. जठराची पिशवी तीसेक मिलिलिटरची, त्यामुळे पाणीसुद्धा घोटाघोटाने. एक औषध सरकवलं की पुढचं सगळं सरकतं. मी विसरभोळेपणावर उपाय म्हणून सगळं एका वेळी आणलं, आणि सकाळची गोळी लोहाच्या तोंडी दिली.

डॉक्टरांनी मग दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला आधी कोणी एकत्र सांगितल्या नव्हत्या. एक, वजन उतरतं तशी थायरॉक्सिनची गरज बहुतेकांत कमी होते. सगळी भिस्त गोळीवरच असेल तर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम असा ढोबळ हिशेब असतो, आणि मी तोवर सत्तावीस किलो उतरले होते. दुसरी याच्या बरोबर उलट. ही गोळी नीट विरघळायला जठरात आम्ल लागतं. नव्या पिशवीत ते फारसं तयार होत नाही, शिवाय जठर-आतड्याच्या नव्या जोडाला जखम होऊ नये म्हणून मी आम्ल कमी करणारी गोळीही घेत होते. म्हणजे एक ओढ डोस कमी करा म्हणणारी, दुसरी वाढवा म्हणणारी. यातली कोण जिंकते ते रक्तच सांगणार.

"मग मी जुन्या ब्रँडवर जाऊ का?"

"अजिबात नाही. गोळी हीच, डोस हाच. फक्त वेळा बदला. दोन्ही एकदम बदललंत तर आपल्याला काहीच कळणार नाही."

हे मला पटलं. एकाच प्रुफात दोघांनी दुरुस्त्या केल्या की चूक कोणाची ते शेवटपर्यंत सापडत नाही, तसंच. लोह रात्री गेलं, कॅल्शियम दुपारी आणि संध्याकाळी. सात आठवड्यांनी टीएसएच ३.४. त्याच बिननावाच्या गोळीवर.

तरीही माझा संशय निव्वळ खुळा होता असं मी म्हणणार नाही. लेव्होथायरॉक्सिन हे मायक्रोग्रॅमात मोजायचं औषध, थोडं इकडेतिकडे झालं तरी टीएसएच हलतो. म्हणूनच अमेरिकेच्या औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने २००७ मध्ये नियम कडक केला: मुदत संपेपर्यंत गोळीत लिहिलेल्या मात्रेच्या ९५ ते १०५ टक्के औषध असलंच पाहिजे. हा नियम ब्रँडला आणि जेनेरिकला सारखाच. पण दोन गोळ्या रक्तात सारख्याच उतरतात का, याच्या चाचण्या सहसा निरोगी माणसांवर होतात, आणि त्यांचं जठर अख्खं असतं. माझ्यासारख्या अर्ध्या रस्त्याने वळवलेल्या आतड्यात दोन कंपन्यांच्या गोळ्या अगदी सारख्याच विरघळतील, हे मी गृहीत धरत नाही. म्हणून कंपनी बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायचं, एवढं मी पाळते. काहींना बायपासनंतर द्रवरूप किंवा मऊ कॅप्सूलमधलं थायरॉक्सिन देतात, कारण ते आम्लावर तेवढं अवलंबून नसतं. माझ्यावर ती वेळ आली नाही.

आणि ब्रँडला चिकटून राहिलं की सुटलो, असंही नाही. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये लेव्होथायरॉक्स या नावाजलेल्या ब्रँडने गोळीतला लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक अ‍ॅसिड घातलं. नाव तेच, कंपनी तीच, औषध तेच. हजारो रुग्णांनी त्रास होतोय अशा तक्रारी केल्या. हे वाचल्यापासून मी स्ट्रिपच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची जास्त वाचते.

इथवर ठीक होतं. पण केस गळतच होते. बायपासनंतर काही महिने ते गळतात, शरीराला बसलेल्या धक्क्याने आणि झपाट्याने उतरलेल्या वजनाने; बहुतेकांचे परत येतात. मला धीर नव्हता. बहिणीने केसांसाठीच्या गोळ्या सुचवल्या, मी घेतल्या. पुढच्या तपासणीत टीएसएच ०.०६ आणि टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, वर. म्हणजे आता औषध जास्त झालं! छातीत धडधड नाही, हात थरथरत नाहीत, झोप व्यवस्थित. डॉक्टर डोस कमी करायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "नवीन काही सुरू केलंय का?"

डबी पिशवीतच होती. बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅम. ते थायरॉइड बिघडवत नाही, पण कित्येक प्रयोगशाळांच्या यंत्रांना चकवतं: टीएसएच खोटा कमी दाखवतं, टी-फोर खोटा जास्त. आठवडाभर बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं. टीएसएच १.९.

त्या दिवशी ताईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, पण माझे केस तर छान आलेत त्याने!"

आता वजन ७९ वर आलंय आणि डोस १२५ वर. मागच्या आठवड्यात दुकानातल्या मुलाचा फोन आला. "मॅडम, तुमची जुनी कंपनी परत आलीय. ठेवू का बाजूला?" इतकी वर्षं सवयीची झालेली ती स्ट्रिप डोळ्यांसमोर आली. क्षणभर हो म्हणणार होते.

"नको," म्हटलं, "आहे तीच दे. आणि मागच्या बाजूचा फोटो पाठव."


त्याने पाठवला. थोडा अस्पष्ट होता, म्हणून दुसरा मागवला.