बर्कली की ग्रिनेल: बारावीनंतरचा माझा निर्णय

बारावीचे पेपर संपले आणि मार्चअखेरीला दोन्हीकडून प्रवेश मिळाल्याचं कळलं. एक कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली. दुसरं आयोवा राज्यातलं ग्रिनेल कॉलेज. पहिल्याचं नाव काकांच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्येही माहीत होतं, दुसऱ्याचं घरात कुणीच ऐकलं नव्हतं. १ मेपर्यंत एकाला होकार कळवायचा होता.

मला फिजिक्स शिकायचंय. त्यामुळे बर्कलीची ओढ फार होती. आवर्तसारणीतलं ९७ क्रमांकाचं मूलद्रव्य, बर्केलियम, १९४९ साली तिथेच तयार झालं आणि त्या गावाचंच नाव त्याला मिळालं. ग्रिनेल म्हणजे सुमारे १,७०० विद्यार्थ्यांचं कॉलेज, दहा हजारांच्या आत वस्ती असलेल्या गावात, चहूकडे मक्याची शेतं. फिजिक्सपासून इतिहासापर्यंत सगळं शिकवतात, पण फक्त पदवीपर्यंत. पीएचडीचे विद्यार्थी तिथे नसतातच.

काका म्हणाले, "अगं, बर्कली म्हटलं की पुढं काय सांगायला लागत न्हाई. ह्या दुसऱ्याचं नाव कुणाला सांगायचं?" त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. उद्या इकडे परत येऊन काम शोधायचं झालं तर नावाचा उपयोग होतो, हे खरंच आहे.

पैशांचं गणित मात्र सरळ होतं. बर्कली सरकारी विद्यापीठ आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांना घरच्या परिस्थितीवरून मिळणारी मदत ते देत नाही. राहण्या-जेवण्यासह वर्षाला ७० हजार डॉलरच्या वर, आणि अशी चार वर्षं. बाबा शांतपणे म्हणाले, "शिंगणापूरचा प्लॉट काढू." ग्रिनेलकडे अर्ज करतानाच आम्ही बाबांची रिटर्न्स, बँकेचे उतारे, घरातली मिळकत असं सगळं भरून दिलं होतं. त्यावरून त्यांनी जी मदत देऊ केली, ती वजा जाता उरलेली रक्कम प्लॉटला हात न लावता भागणार होती.

तरी केवळ पैशांवर ठरवायचं नाही, असं मी घरी सांगितलं. दोन्हीकडे शिकणाऱ्या मुलामुलींना मेल केले आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले. पहिल्या वर्षी शिकवतं कोण? अडलं तर कुणाकडे जायचं? प्रयोगशाळेत हात कधी घालायला मिळतो? आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे आयोवात सकाळचे दहा, त्यामुळे जेवणं उरकून बोलता यायचं.

बर्कलीत शिकणाऱ्या पुण्याच्या मुलाने काही लपवलं नाही. सुरुवातीच्या व्याख्यानांना शेकडो जण असतात, छोट्या गटांचे तास बहुतेक वेळा पीएचडी करणारे विद्यार्थी घेतात. पण जो स्वतःहून दारं ठोठावतो, त्याला जगात मोजक्याच ठिकाणी असतील अशा प्रयोगशाळा मिळतात. ग्रिनेलच्या मुलीने सांगितलं की पहिल्या सत्रात सक्तीचा विषय एकच, ट्युटोरियल. छोटा वर्ग, आणि तो घेणारे प्राध्यापकच तुम्ही मुख्य विषय ठरवेपर्यंत तुमचे मार्गदर्शक. पीएचडीवाले नसल्यामुळे संशोधनात हाताखाली पदवीचीच मुलं लागतात. इंटेलच्या संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट नॉइस, १९४९ साली इथूनच पदवी घेऊन बाहेर पडले. हे ऐकल्यावर काकांनी पहिल्यांदा कॉलेजचं नाव नीट विचारून घेतलं.

आबा शाहू महाराजांच्या परंपरेतल्या बोर्डिंगात राहून शिकलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर गावातच राहत्यात का?" हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. मी तोही विचारला. बरेचसे प्राध्यापक कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात, असं उत्तर आलं.

अकरावी-बारावीला मी ज्या क्लासला होते तिथे एका बॅचला एवढी मुलं असायची की हळूहळू मी प्रश्न विचारणंच सोडून दिलं. घरी येऊन एकटीने पुस्तकात शोधायचे. दारं ठोठावून पुढे जाणारी मुलं असतात, मला त्यांचं कौतुक आहे. मला मात्र आधी माझे प्रश्न ऐकून घेणारं कुणीतरी समोर हवं होतं. फिजिक्सचे वरच्या पातळीचे विषय ग्रिनेलला कमी असतील आणि थंडी उणे वीसच्याही खाली जाते, हे दोन्ही धरून मी ग्रिनेल निवडलं. मोठ्या प्रयोगशाळेत पीएचडीसाठी पुढे जाता येईलच.

१ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, बँका बंद. परदेशी पैसे पाठवायला ए-टू फॉर्म आणि पॅन लागतो, आणि शाखेत असली कामं रोज होत नाहीत, म्हणून प्रवेश निश्चितीची रक्कम एप्रिलमध्येच भरली. त्याच दिवशी बर्कलीला नकार कळवला. प्रतीक्षा यादीतलं कुणीतरी असंच डोळे लावून बसलेलं असतं, त्याला ताटकळत ठेवायचं नव्हतं.

व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं पत्र, आय-ट्वेंटी, आलंय, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी नोंदणीचे ३५० डॉलर भरलेत. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीसाठी आई आणि मी महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जाणार आहोत. ट्युटोरियलच्या विषयांची यादी आली की पसंतीक्रम द्यायचा आहे. फिजिक्सच्या जवळचा एखादा विषय घ्यावा की अगदी वेगळा, यावर आबांशी रोज बोलणं चालू आहे.