तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या बेस गिटारवर एवढी मेहनत कशाला?

"नवा मिळतोय की हो, मग या जुन्याच्या मागे कशाला लागलाय?" ऑर्केस्ट्रातली पोरं विचारतात, बेळगावच्या कॅम्पातले क्वायरवाले विचारतात, मुलाला गिटार घेऊन द्यायला निघालेले वडील तर हमखास विचारतात. स्टेजमागे उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

माझा बेस गोव्याहून आला. तिकडे बँडची परंपरा मोठी. जुने बेस, अँप्लिफायर, ड्रमचे संच हात बदलत बदलत चोर्ला घाट चढतात आणि बेळगावात उतरतात. घडण प्रिसिजन बेसची: अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी 1951 साली आणलेला आणि 1957 साली दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा चुंबक-वेटोळ्यांचा भाग) बसवून आजच्या रूपाला नेलेला. माझा मूळ फेंडर नव्हे, त्या घडणीचा साधा कारखानी बेस. लाकूड निरोगी होतं. लोखंड मात्र खाऱ्या हवेनं खाल्लेलं, ब्रिजचे, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचे, स्क्रू गंजून जागच्या जागी बसलेले, आणि अँपला लावला की घरघर.

माझं उत्तर एवढंच की, असा बेस उभा करायला जे जे हात लागतात ते सगळे आपल्या मुलखात आहेत. त्यांतला एकही माणूस गिटारचा कारागीर म्हणून ओळखला जात नाही, तरी त्यांच्याइतकं नेमकं काम मला दुसरीकडे मिळालं नसतं.

नेकपासून, म्हणजे दांडीपासून सुरुवात करू. चार तारा मिळून नेकवर जवळजवळ 80 किलोंचा ताण असतो आणि तो सतत एकाच बाजूनं ओढतो. त्याला तोंड द्यायला आत पोलादी सळई असते, ट्रस रॉड. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या पडद्याशी तारेखालची फट बघायची. पाव मिलिमीटरच्या आसपास असली की ठीक. मोजायला फीलर गेज, म्हणजे ठराविक जाडीच्या पात्यांचं माप लागतं, ते कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतं. सळई एका वेळी पाव फेरा फिरवायची, त्याहून जास्त नाही, आणि लाकडाला सावरायला रात्र द्यायची. आपल्या हवेत हे टळत नाही. जून ते सप्टेंबर लाकूड ओल धरतं, मार्च-एप्रिलात आटतं, तेव्हा पडद्यांची टोकं कडेनं बाहेर येऊन तळहाताला टोचतात. नवा बेस घेतला तरी तो याच हवेत राहणार. कारखान्यात लावलेला मेळ इथल्या पहिल्या पावसाळ्यातच बिघडतो. म्हणजे नव्या-जुन्या दोघांचीही सेवा करावीच लागते.

पडद्यांसाठी मी मिरजेला, सतारी-तंबोरे करणाऱ्या कारागिरांकडे गेलो. राज्याची हद्द मध्ये येते, पण वाद्यांच्या बाबतीत बेळगाव आणि मिरज हा एकच मुलूख आहे. इथल्या गाणाऱ्यांचे तंबोरे पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच येत आले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आनंद आमच्याकडेही झाला. तंबोऱ्यात तार घोडीच्या रुंद पाठीला अलगद घासत राहते, त्या घासण्यातूनच जवारी, म्हणजे तो भरीव झंकार, निघते. बेसला नेमकं उलट हवं: बोटानं दाबलेल्या पडद्यापुढे तारेनं दुसऱ्या कशालाही शिवायचं नाही, शिवली की कर्रकर्र. पण दोन्हीकडे पाहायचं एकच, की झंकारणारी तार कुठे टेकते. त्या कारागिरांच्या हाती बेस रोज येत नाही. त्यांनी तो उचलला, एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली आणि नवव्या पडद्यावर बोट ठेवलं. पडद्यांना मार्करची शाई लावून वरून सपाट दगड फिरवल्यावर सगळ्यांत आधी शाई तिथलीच निघाली. ज्यांनी आयुष्यभर जवारी काढली त्यांच्या नजरेला केसाएवढा उंचवटा दिसतो. हे पाहायला मिळालं, यासाठी तरी मी पुन्हा जुनाच बेस घेईन.

सतारीचे पडदे सरकवून सुरात आणता येतात, बेसचे मात्र लाकडात गाडलेले. तारेची लांबी 34 इंच धरली तर पहिला पडदा नटापासून (दांडीच्या वरच्या टोकाच्या, तारा टेकतात त्या पट्टीपासून) 48.5 मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर 17 इंचांवर, त्यात फेरफार नाही. हलते ती फक्त ब्रिजवरची सॅडल, जिच्यावर तार टेकते. बाराव्या पडद्यावर तार दाबून काढलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती शिवून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा लागला तर सॅडल मागे घ्यायची, उतरला तर पुढे. माझ्या सॅडल हलायलाच तयार नव्हत्या. त्या मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पितळेच्या करून घेतल्या. तिथे लेथवर हायड्रॉलिकचे भाग काढणारे टर्नर अण्णा आहेत. ते कन्नड, मी मराठी, आमचं बोलणं दोन्ही भाषांत मिसळून चालतं. त्यांना मी जुनी सॅडल नमुना म्हणून दिली आणि तीन मिलिमीटरच्या स्क्रूचे आटे मागितले. त्यांनी ते असे पाडले की स्क्रू बोटानं फिरतो आणि तरी ढिला लागत नाही. पितळेनं आवाज सुधारतो असं बरेच जण सांगतात. मी पितळ घेतलं ते गंजत नाही म्हणून.

घरघरीनं मात्र खूप छळलं. दोन तुकड्यांच्या पिकअपची खुबी अशी की दोन्ही वेटोळी एकमेकांच्या उलट आणि चुंबकंही उलट, त्यामुळे बाहेरून येणारी विजेची घरघर आपसात कटते आणि तारेचा आवाज राहतो. असा पिकअप घरघरतो कसा? आपली वीज 50 हर्ट्झची आणि सगळ्यांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर 49 हर्ट्झचा. तो स्वर लांबवला की मोठ्या स्पीकरवर दोन्ही एकमेकांना भिडायचे आणि आवाज सेकंदाला एकदा फुगायचा, ओसरायचा. अर्थिंगची तार बदलली, आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवली, तरी फरक थोडाच. शेवटी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मामांनी सर्किट कागदावर काढलं आणि दोष सापडला. आधी कुणीतरी सोल्डरिंग करताना एका तुकड्याच्या दोन तारा उलट जोडल्या होत्या. वाजवायची प्रत्येक तार पिकअपच्या एकाच तुकड्यावरून जाते, म्हणून वाजवताना काही चुकतंय असं जाणवत नाही, पण घरघर कटण्याऐवजी दुप्पट होते. दोन टाके सोडवून अदलाबदल केली आणि बेस शांत झाला. खरखरणारे पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे भाग) त्याच बैठकीत बदलले, 250 किलोओहमचे, आणि टोनला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला.

आता बदल किती करावेत? माझा नेम असा की परत फिरवता येईल तेवढंच करायचं. लाकडात नवं भोक पाडायचं नाही. बॅटरीवर चालणारा प्रीअँप (आवाज बेसमध्येच वाढवणारं सर्किट) बसवून घे म्हणून पुष्कळांनी सांगितलं, पण त्यासाठी बॉडी कोरावी लागली असती, म्हणून नाही बसवला. तारा मात्र गुळगुळीत, फ्लॅटवाउंड घातल्या. आमच्या ऑर्केस्ट्रात जुनी गाणी जास्त, तिथे हा गोल, आखूड आवाज ढोलकीच्या बाजूला नीट बसतो. त्या तारांचा ताण जास्त असतो, म्हणून सळई पुन्हा थोडी आवळावी लागली. रंग जिथे उडालाय तिथे उडालेलाच ठेवला.

पैसे वाचले का, हेही विचारतात. नाही वाचले. हेलपाटे, पितळ, तारा, पॉट सगळं धरलं तर साधा नवा बेस आला असता. तुम्हाला पुढच्या महिन्यातच स्टेजवर उभं राहायचं असेल तर नवाच घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

पण जुना घ्यायचाच असेल तर ब्रिजच्या गंजाला, घरघरीला, खरखरणाऱ्या बटणांना घाबरू नका. आधी ट्रस रॉडला किल्ली लावून ती दोन्हीकडे थोडी फिरते का बघा. रॉड अडकलेला असेल, किंवा शेवटपर्यंत आवळूनही नेक वाकलेलाच असेल, तर तो बेस घेऊ नका, भाव कितीही उतरवला तरी.