तुम्ही विचारलंत म्हणून: दोन मिनिटांच्या राइडसाठी तासभर रांग कशाला?

फ्लोरिडात थीम पार्क्सची सुट्टी करून आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, की अगं दोन-तीन मिनिटांची राइड आणि त्यासाठी तास-तास रांगेत उभं राहायचं, ही कसली सुट्टी? आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी कीव पण असते. जिन्यात, फोनवर, लग्नाच्या पंगतीत याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर सांगते. मला मनापासून वाटतं की रांग संपल्यावर राइड सुरू होते हे गृहीतकच चुकीचं आहे. चांगल्या पार्कात राइड रांगेतच सुरू झालेली असते आणि तुम्ही गाडीत बसता तेव्हा अर्धं काम होऊन गेलेलं असतं.

सगळ्यात आधी एव्हरेस्टचं सांगते, कारण माझं मत तिथेच पक्कं झालं. डिस्ने वर्ल्डच्या ॲनिमल किंगडममध्ये एक्स्पिडिशन एव्हरेस्ट नावाचं रोलर कोस्टर आहे, 2006 मध्ये सुरू झालेलं. बाहेरून बघितलं तर बर्फाचा डोंगर आणि त्यात शिरणारी आगगाडी. पण रांग तुम्हाला थेट गाडीपाशी नेत नाही, ती नेते हिमालयाच्या पायथ्याच्या एका काल्पनिक गावातून. आधी ट्रेकचं परमिट देणारं ऑफिस, मग देऊळ, मग गिर्यारोहकांचं सामान विकणारं दुकान, आणि शेवटी यतीचं, म्हणजे हिममानवाचं, म्युझियम. नुसतं पोस्टर चिकटवून सोडलेलं नाहीये हो, रंग उडालेल्या भिंती, झिजलेलं लाकूड, जुने फोटो, भांडीकुंडी, सगळं असं की हात लावून बघावंसं वाटतं. म्युझियममध्ये यती असल्याचे पुरावे मांडलेत आणि डोंगरावर जाऊ नका असा इशारापण आहे. माझी मुलगी एकेक पाटी वाचत होती आणि मागे उभ्या असलेल्या आजोबांना सांगत होती, "आबा, इथे लिहिलंय तो कोणाला वर जाऊ देत नाही." माझे सासरे पण गंभीरपणे ऐकत होते. गाडीत बसेपर्यंत तिचा त्या यतीवर पूर्ण विश्वास बसला होता, आणि मग गाडी वर वर चढत गेली आणि एकदम थांबली, कारण पुढचे रूळ कोणीतरी उखडून पिळून टाकलेले! तिथे काही क्षण गाडी नुसती थांबते. काहीच होत नाही. आणि मग अंधारात उलटी, मागच्या मागे जायला लागते. आता विचार करा, रांगेतलं ते म्युझियम नसतं तर ते उखडलेले रूळ म्हणजे फक्त वाकडं लोखंड झालं असतं. ती भीती आम्ही रांगेत उभं राहून कमावली होती.

टॉवर ऑफ टेरर म्हणजे कोसळणाऱ्या लिफ्टची राइड, तिचं पण तसंच, तो टॉवर डिस्ने वर्ल्डच्याच हॉलिवूड स्टुडिओज पार्कमध्ये आहे, 1994 चा. गोष्ट अशी की एक जुनं हॉटेल एका वादळी रात्री बंद पडलं आणि तेव्हापासून तसंच आहे. रांग आधी रान माजलेल्या बागेतून जाते, मग हॉटेलच्या लॉबीत, तिथे धुळीने माखलेलं सामान, कोळिष्टकं, आणि एका टेबलावर अर्धवट सोडलेला माजाँगचा, म्हणजे चिनी सोंगट्यांच्या खेळाचा, डाव. कोण खेळत होतं, उठून कुठे गेलं, कोणी सांगत नाही, पण रांगेतला जवळजवळ प्रत्येक जण तिथे मान वळवून बघतो. मग लायब्ररी, मग तळघरातली बॉयलर रूम, आणि मग ती लिफ्ट. लिफ्ट नुसती सोडून देत नाहीत बरं का, मोटरने केबल ओढून ती आपोआप पडेल त्याच्यापेक्षा जोरात खाली आणतात, म्हणून अंग सीटवरून उचललं जातं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पडण्याचा क्रम ठरलेला नाही, संगणक तो दरवेळी बदलतो. त्यामुळे दुसऱ्यांदा बसलं तरी अंधारात आता पडणार, आता पडणार करत वाट बघावीच लागते. म्हणजे राइडच्या आतही तुम्ही थांबलेलेच असता!

(हा टॉवर आणि एव्हरेस्टचा डोंगर, दोन्ही 200 फुटांच्या अगदी जरासे आत आहेत. त्याच्या वर गेलं की विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागतो, आणि बर्फाच्या डोंगरावर लाल दिवा लुकलुकतोय म्हटल्यावर सगळं मुसळ केरात. हे कळल्यापासून मी कुठलीही उंच गोष्ट दिसली की आधी टोकाकडे बघते.)

रांगेबद्दल बऱ्याच लोकांनी अभ्यास केलाय. डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना मांडलेले मुद्दे अगदी साधे आहेत: रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, किती थांबायचंय ते माहीत नसेल तर अजून लांब वाटतो, आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं तर आणखीच. हे डोक्यात ठेवून पार्कात फिरलात ना तर प्रत्येक गोष्ट तशी का आहे ते दिसायला लागतं. बाहेर मिनिटांची पाटी असते ती दुसऱ्या मुद्द्यासाठी. एकच नागमोडी रांग असते ती तिसऱ्यासाठी, म्हणजे बाजूची रांग भरभर सरकतेय आणि आपण अडकलोय असं व्हायलाच नको. आणि ते देऊळ, ते म्युझियम, तो माजाँगचा डाव हे पहिल्यासाठी.

डिस्ने वर्ल्डच्याच मॅजिक किंगडम पार्कमधल्या हाँटेड मॅन्शनमध्ये, म्हणजे भुतांच्या बंगल्यात, तर राइडचीच रचना रांगेच्या मदतीला येते. तिथे गाड्या थांबतच नाहीत, काळ्या खुर्च्यांची एक अखंड साखळी सतत फिरत असते आणि माणसं सरकत्या पट्ट्यावरून चालत चालत बसतात, त्यामुळे बाहेरची रांग मोठी असली तरी पाय हलत राहतात आणि पाय हलत राहिले की मन शांत राहतं. त्याआधी एका अष्टकोनी खोलीत सगळ्यांना उभं करतात आणि ती खोली ताणल्यासारखी उंच व्हायला लागते. फ्लोरिडात खरोखर छत वर जातं, आणि कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये तीच खोली म्हणजे लिफ्ट आहे, जमीनच खाली जाते, कारण तिथे माणसांना जमिनीखालून पलीकडे न्यायचं होतं. म्हणजे तिथे वाट पाहण्याची खोली, पुढे नेण्याची सोय आणि खेळ, तिन्ही एकच. पुढे नाचणारी पारदर्शक भुतं दिसतात, तो एकोणिसाव्या शतकातल्या नाटकांच्या रंगमंचावरचा काचेचा खेळ आहे, मोठी काच तिरकी लावायची आणि लपवलेल्या बाहुल्यांवर उजेड टाकायचा. कॉम्प्युटर नाही, स्क्रीन नाही. 1971 पासून चाललंय आणि आजही लोक तोंडाचा आ करून बघतात, मी पण बघितलं.

आता तुम्ही म्हणाल की सगळ्याच रांगा अशा सजवलेल्या नसतात. बरोबर आहे, नसतात. टॅम्पाला बुश गार्डन्स आहे, ऑरलँडोपासून तासाभराच्या थोडं पुढे, तिथलं खरं आकर्षण म्हणजे कोस्टर्सच. तिथे गोष्टी कमी सांगतात, पण रांगेतून वर बघितलं की सगळं दिसतं, आणि तेवढं पुरतं. शेइक्रा म्हणून कोस्टर आहे, 200 फूट उंच, सरळ नव्वद अंशात खाली जाणारं. गाडी कड्यावर येते, पुढच्या सीट्सची ओळ हवेत बाहेर झुकते, आणि तिथे तिला काही सेकंद धरून ठेवतात! खाली उभं राहून तेच तेच पुन्हा पुन्हा बघायचं, दर खेपेला वरच्या लोकांची किंकाळी आधी बंद होते आणि मग सोडल्यावर एकदम फुटते. माझा नवरा रांगेत बोलता बोलता गप्प झाला आणि वर बघत राहिला, आणि मला कळलं की त्याची राइड सुरू झाली. मी तर म्हणेन त्या राइडचा जीव त्या थांबण्यात आहे, खालचा भाग नुसता वेग आहे.

म्हणूनच मला साखळीने वर ओढत नेणारी कोस्टर्स जास्त आवडतात. ती जी टक् टक् टक् येते ना चढताना, ती गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिट्टीची असते, म्हणजे खरं तर सुरक्षिततेचा आवाज, आणि आपल्या पोटात गोळा येतो तो त्याच आवाजाने. ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कमधलं व्हेलॉसीकोस्टर त्याच्या उलट, चुंबकांनी गाडी भिरकावतात, वेग ताशी 113 किलोमीटरच्या आसपास, अप्रतिम गुळगुळीत, पण मला ती हळूहळू चढण हवी असते. आवडीचा प्रश्न आहे, मुलीला विचाराल तर ती व्हेलॉसीकोस्टरच सांगेल. आणि वेगावर सगळं नसतं हे पटवायला मॅजिक किंगडममधलं स्पेस माउंटन कोस्टर पुरे, 1975 चं आहे, वेग ताशी 45 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे शहरातली गाडी, पण अंधार असल्यामुळे पुढचं वळण कुठे हे कळत नाही आणि माणूस सीटला घट्ट धरून बसतो.

युनिव्हर्सलमध्ये हॅरी पॉटरच्या शाळेचा, हॉगवर्ट्सचा, किल्ला आहे, त्यातल्या राइडची रांग, 2010 ची, तिचं वेगळं सांगायला नको, भिंतीवरची चित्रं एकमेकांशी बोलतात आणि लोक पुढच्याला सांगतात तुम्ही जा, आम्हाला ऐकायचंय. रांगेत स्वतःहून मागे राहणारी माणसं मी फक्त तिथे पाहिली.

मग कंटाळा आलाच नाही का? आला ना. जिथे पार्कने रांगेचा विचारच केलेला नव्हता, नुसते कठडे, वर पत्रा आणि समोरच्याची पाठ, तिथे वीस मिनिटंपण नको झाली, आणि अशी रांग थोडीफार सगळीकडेच भेटते. उन्हाळ्यात दुपारी फ्लोरिडात विजा चमकायला लागल्या की बाहेरच्या राइड्स बंद करतात, तेव्हा कुठल्या रांगेत आहात त्यावर दिवसाचा मूड ठरतो. सासऱ्यांना कोस्टर्स नको होती, ते ॲनिमल किंगडममधल्या किलिमांजारो सफारीत रमले, तिथे जिराफ आणि आपल्यात कुंपण दिसतच नाही कारण अडथळे झाडाझुडपांत आणि खंदकात लपवलेत. उतरल्या उतरल्या म्हणाले, "परत जाऊ या." गेलो.

राहता राहिला जास्तीचे पैसे भरून वेगळ्या रांगेतून जाण्याचा प्रश्न, तो पण सगळे विचारतात. बऱ्याच मोठ्या पार्क्समध्ये आता ती सोय आहे आणि वेळ कमी असेल तर घ्यावी, पण एक लक्षात ठेवा की ती रांग बऱ्याच ठिकाणी मधल्या सजवलेल्या खोल्या वगळून नेते. म्हणून एव्हरेस्ट, टॉवर आणि हॉगवर्ट्सला पहिल्यांदा साध्या रांगेनेच जा, दुसऱ्यांदा खुशाल पैसे भरा. एकट्याने बसायची तयारी असेल तर काही राइड्सना एकट्या माणसांची वेगळी रांग असते, ती लवकर सरकते, तीपण दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा. आणि बरोबर लहान मूल असेल, उंचीत बसत नसेल, तर रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला आधीच सांगा, म्हणजे एक जण जाऊन येतो, तोवर दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि मग त्याला पूर्ण रांग परत लावावी लागत नाही. सकाळी दार उघडताना पोचलात तर तुमची लाडकी राइड आधी करा असं सगळे सांगतात. मी म्हणेन, सकाळी ज्याची रांग साधी आहे ते उरकून घ्या, आणि ज्याची रांग चांगली आहे ते दुपारी, कारण दुपारी गर्दी असणारच आहे आणि तेव्हा त्या म्युझियममध्ये निवांत उभं राहायला कोणी हरकत घेत नाही.